यावर खर्च करायचाय का?

मागच्या महिन्यात एका सकाळी लॅपटॉप उघडला तर एकही संकेतस्थळ उघडेना. मेल नाही, बँक नाही, साधी बातम्यांची पानंसुद्धा नाहीत. जाल तिथे तोच इशारा, ही जोडणी सुरक्षित नाही. मोबाइल मात्र त्याच वाय-फायवर सुरळीत चालला होता. बरीच खटपट झाल्यावर नजर स्क्रीनच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे तारीख होती 1 जानेवारी 2015. मग उलगडा झाला. संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रं अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदतीची असतात. माझ्या लॅपटॉपच्या लेखी 2015 साल नुकतं उजाडत होतं, त्यामुळे समोर येणाऱ्या प्रत्येक प्रमाणपत्राची मुदत त्याच्या हिशेबात अजून सुरूच व्हायची होती. तारीख हाताने नीट केली, सगळं पूर्ववत झालं. रात्री बंद केला, सकाळी उघडला, पुन्हा 2015. लॅपटॉपच्या आतल्या मुख्य बोर्डावर, म्हणजे मदरबोर्डवर, नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर 2032. व्यास 20 मिलिमीटर, जाडी 3.2 मिलिमीटर. लॅपटॉप बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. तो संपला आणि मुख्य बॅटरीतही दम उरला नसला, की यंत्राला वेळ आठवत नाही. ते कारखान्यात भरलेल्या तारखेवर जाऊन बसतं.

एवढंच असतं तर सेल बदलून विषय संपला असता. पण त्याआधीच बरंच काही साचलं होतं. मध्येच पंखा घोंघावायचा आणि लॅपटॉप फाटकन बंद पडायचा. स्क्रीन एका ठरावीक कोनापलीकडे गेली की आडव्या रेघा यायच्या. टचपॅड धड दबत नव्हता. म्हणून एकदा सगळंच दाखवून घ्यावं असं ठरवून दुरुस्तीला नेला. दुरुस्ती करणाऱ्या दादांनी तो हातात घेतला, उलटा केला, तळावरचं मॉडेलचं नाव वाचलं आणि स्क्रू-ड्रायव्हर हातात असतानाच थांबून विचारलं, "ताई, यावर खर्च करायचाय का ते आधी सांगा. मग उघडतो." मी म्हटलं, "दादा, उघडून तर बघा. काय झालंय ते कळू दे." ते म्हणाले, "बघतो. पण बहुतेक लोक ठरवूनच येतात. ठेवायचा तरी, नाहीतर काढायचा तरी."

हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना.

त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. त्यांचा वेळ जातो, भाग मागवावे लागतात, आणि शेवटी गिऱ्हाईक म्हणतं, जाऊ दे, नवीनच घेते. पण मला खटकला तो प्रश्नांचा क्रम. काय बिघडलंय हे कळायच्या आधी ठेवायचा की काढायचा हे ठरवायचं, आणि ते कशावरून, तर वयावरून. घरातही तेच ऐकलं होतं. "किती वर्षं झाली त्याला! आता टाक." मैत्रीण म्हणाली, "तू त्याच्यावर जेवढा वेळ घालवतेस तेवढ्यात दुसरं काहीतरी लिहून झालं असतं." तिचं म्हणणं मला जास्त लागलं, कारण त्यात तथ्य होतं.

भरवशाचं नसलेलं यंत्र माणसाला हळूहळू स्वतःच्या सोयीने वळण लावतं. प्रत्येक वाक्यानंतर डाव्या हाताची बोटं आपोआप कंट्रोल-एसवर, म्हणजे फाइल जतन करण्याच्या कळांवर, जायला लागली. चार्जरची पिन विशिष्ट बाजूला कललेली असली तरच चार्जिंग होई, म्हणून वायरीखाली एक जाड पुस्तक कायमचं ठेवलेलं. स्क्रीन उघडताना कोन सांभाळायचा, आणि एकदा तो जमला की खुर्चीच पुढेमागे करायची, स्क्रीनला हात लावायचा नाही. ऑनलाइन बैठक असेल तर बऱ्याच आधीपासून लॅपटॉप चालू करून ठेवायचा, कारण ऐनवेळी तो काय करील सांगता येत नाही. हे सगळं इतकं अंगवळणी पडतं की त्याचा त्रास होतोय हेही जाणवेनासं होतं. जाणवतं ते वेगळ्याच ठिकाणी. मोठी फाइल उघडायची असली की मी ते काम उद्यावर ढकलत होते. लॅपटॉप प्रवासात नेणं सोडलं होतं. कुणी चार लोकांसमोर काही दाखवायला बोलावलं तर आधी मनात यायचं, त्या वेळी हा बंद पडला तर? आणि मी काहीतरी कारण सांगून टाळायचे.

म्हणून संथ असणं आणि बेभरवशाचं असणं या दोन गोष्टी मी वेगळ्या मानते. संथ यंत्राबरोबर राहता येतं. ते चालू होईपर्यंत खिडकीबाहेर बघावं, विचार करावा. काही काही वाक्यं त्या थांबण्यातच सुचली आहेत. पण जे कधी बंद पडेल याचा नेम नाही, त्याच्यापुढे बसल्यावर मनाचा एक कोपरा सतत त्याच्याकडे लागलेला असतो. पंख्याचा आवाज वाढला की छातीत धस्स होतं आणि लिहिता लिहिता विचार तुटतो. जुना लॅपटॉप ठेवावा की नाही याची चर्चा बहुतेक वेळा वेग आणि पैसा या दोनच गोष्टींवर होते. माझ्यासाठी खरा प्रश्न होता तो विश्वासाचा. दुरुस्तीनंतर मी त्याच्यापुढे निर्धास्त बसू शकेन का? तसं असेल तर खर्च करावा. नसेल तर कितीही स्वस्तात झालं तरी ते काम मला महागच पडणार होतं.

आणि हे उघडून बघितल्याशिवाय कसं कळणार?

दादांनी उघडला तेव्हा मी शेजारी उभी होते. तळाचे स्क्रू त्यांनी एकेक काढले आणि कागदावर त्याच जागांवर मांडत गेले, कारण सगळे सारख्या लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड जागी घातला तर तो आत बोर्डालाच टोचू शकतो. मग प्लॅस्टिकचं एक पातळ कार्ड कडेने फिरवलं. टक, टक, टक करत खाचा सुटत गेल्या आणि तळ निघाला. इतकी वर्षं ज्याच्यावर हात टेकवून लिहिलं, त्याचा आतला भाग मी पहिल्यांदाच बघत होते. सगळ्यात आधी दिसली बॅटरी. मधोमध फुगलेली. टचपॅड दबत नव्हता तो त्यामुळेच, खालून बॅटरी त्याला वर रेटत होती. दादांनी ती फार जपून काढली. फुगलेल्या सेलला टोक लागलं तर तो पेट घेऊ शकतो, म्हणून त्याला टोचायचं नाही, दाबायचं नाही, पुन्हा चार्जिंगला लावायचं नाही. बॅटरी जुनी झाली की आतल्या रसायनांचं विघटन होऊन वायू तयार होतो आणि तो जायला जागा नसते. उष्णता आणि सतत पूर्ण चार्ज ठेवणं या दोन्ही गोष्टींनी हे लवकर होतं. माझा लॅपटॉप कायम चार्जरला लावलेला आणि कायम तापलेला, म्हणजे दोन्ही एकदमच.

मग पंखा. पंख्याची हवा जिथून बाहेर जाते तिथे तांब्याच्या पातळ पट्ट्यांची जाळी असते. पंखा आणि जाळी यांच्या मध्ये करड्या धुळीची एक सलग पट्टी बसली होती, जुन्या उशीतून निघालेल्या कापसासारखी दबून घट्ट झालेली. दादांनी चिमट्याने धरली तर ती अख्खीच्या अख्खी निघाली. हवेला जायला वाटच नव्हती. पंखा जिवाच्या आकांताने फिरत होता आणि गरम हवा आतल्या आत घुमत होती. प्रोसेसर आणि त्यावरच्या तांब्याच्या नळीमध्ये एक लेप असतो, थर्मल पेस्ट. दोन्ही पृष्ठभाग वरून गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्म खडबडीत असतात. त्या फटींत हवा राहिली तर उष्णता पुढे जात नाही, म्हणून लेप लावतात. माझ्या लॅपटॉपचा लेप वाळून त्याचे पोपडे निघत होते. प्रोसेसर तापायला लागला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरीही तापमान साधारण 100 अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊन पोहोचलं की जळण्यापेक्षा बंद होणं पत्करतो. मी ज्याला लहर समजत होते ती खरं तर त्याची स्वतःला वाचवण्याची धडपड होती. ती धुळीची पट्टी टेबलावर पडलेली बघताना मला त्या यंत्राविषयी एकदम माया वाटली. इतके दिवस त्याने हे असं चालवून घेतलं होतं.

बॅटरी, लेप, पंखा आणि घड्याळाचा सेल या झिजायच्याच गोष्टी आहेत. लिथियम-आयन बॅटरी तीनशे ते हजार वेळा पूर्ण चार्ज आणि रिकामी होईपर्यंत टिकावी अशा हिशेबाने बनवलेली असते. ती मेली म्हणजे लॅपटॉप मेला असं होत नाही. जाता जाता एक आठवलं. 1991 मध्ये सोनी कंपनीने ही बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली, आणि 2019 मध्ये ज्या तिघांना तिच्यासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं त्यांतले जॉन गुडइनफ तेव्हा 97 वर्षांचे होते. त्या वयातही ते बॅटऱ्यांवरच संशोधन करत होते.

हार्ड डिस्कचंही तसंच. माझ्या लॅपटॉपमध्ये मिनिटाला 5400 फेरे घेणारी, फिरत्या तबकडीची जुनी डिस्क होती. तबकडीवरची नेमकी जागा शोधायला डिस्कच्या वाचणाऱ्या टोकाला दरवेळी काही मिलिसेकंद लागतात. ऐकायला हे थोडं वाटतं, पण संगणक सुरू होताना अशा हजारो जागा शोधायच्या असतात. एसएसडी म्हणजे चिपांवर साठवण करणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिस्स्यात किंवा त्याहून लवकर होतं. म्हणून जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवल्यावर लोक म्हणतात की नवा घेतल्यासारखं वाटतंय, आणि ते खरं असतं. प्रोसेसर तोच, पण तो आता डिस्कची वाट बघत बसत नाही. डिस्कच्या तब्येतीचा अहवाल देणारी साधनं फुकट मिळतात. माझ्या डिस्कच्या अहवालात खराब झाल्यामुळे बदललेल्या सेक्टरांचा, म्हणजे तबकडीवरच्या बारीक कप्प्यांचा, आकडा वाढत चालला होता. ती जाणारच होती, फक्त कधी ते ठाऊक नव्हतं.

उरला मदरबोर्ड. तिथे मात्र मामला वेगळा. त्यावरच्या मोठ्या चिपखाली डाखाचे बारीक बारीक मणी असतात आणि त्यांच्यावरच ती चिप बोर्डाला धरून असते. वर्षानुवर्षं तापणं-गार होणं चालू राहिलं की त्यांतल्या एखाद्याला चीर पडते. मग बिघाड लपाछपी खेळतो. दुरुस्तीला नेलं की व्यवस्थित, घरी आणलं की बंद. गरम हवा मारून चिप बसवली की काही दिवस चालतं आणि पुन्हा तेच. दादा म्हणाले, "बाकी सगळं मी करून देतो. पण बोर्ड लेव्हलचं काम निघालं तर मीच सांगीन, नका करू." ही प्रामाणिक वाट होती. जे झिजतं ते बदलायचं. जे आतून तुटतं आणि कुठे तुटलंय ते सांगत नाही, त्याच्या मागे लागायचं नाही. लॅपटॉप तीन-चार तास सलग राबवून बघितला. साफसफाई आणि नवा लेप झाल्यावर तो एकदाही बंद पडला नाही. म्हणजे बोर्ड निदान आज तरी शाबूत होता.

तरी मी लगेच होकार दिला नाही. घरी येऊन पुन्हा विचार करत बसले.

त्यात आठवणींचा भाग किती आणि शहाणपणाचा किती, हे मला बघायचं होतं. कळफलकावरचं 'ए' हे रोमन अक्षर पार पुसलं गेलंय, कारण रोमन अक्षरांतून मराठी लिहिताना ती कळ सगळ्यात जास्त राबते. स्पेसबार उजव्या अंगठ्याच्या जागी तुकतुकीत झालाय, डाव्या बाजूला अजून खरखरीत आहे. याच स्क्रीनवर 2020 साली सगळी दारं बंद असताना माणसं दिसायची. मावशीला व्हिडिओ कॉल ही गोष्ट शेवटपर्यंत पटली नाही. ती बोलता बोलता सवयीने फोन कानाला लावायची आणि इकडे अख्ख्या स्क्रीनभर तिचा कान दिसायचा, कानातल्या कुडीसकट. "मावशी, फोन समोर धर," असं म्हटलं की क्षणभर चेहरा दिसायचा, आणि मग पुन्हा कान. मावशी आता नाही. त्या कॉलचं रेकॉर्डिंग कुठेच नाही, लॅपटॉपमध्येही नाही. तरी हा लॅपटॉप गेला तर ते जाईल असं मला आत कुठेतरी वाटत होतं. वाटतं ते वाटतं. पण त्या वाटण्याला निर्णयाच्या खुर्चीत बसवायचं नाही एवढं मी ठरवलं.

त्यासाठी उपाय एकच होता. जे जपायचं ते यंत्रापासून वेगळं करायचं. महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर, असा एक नियम संगणकवाले सांगतात. एक आठवडा मी रोज संध्याकाळी तेच केलं. जुनी पत्रं, अर्धवट लेख, फोटो, कुठल्या कुठल्या नावांनी साठवलेल्या फाइली. 'शेवटचा', 'शेवटचा नवीन', 'हाच घ्यायचा' अशा नावांच्या एकाच लेखाच्या प्रती. बाहेरच्या डिस्कवर एक प्रत गेली, दुसरी क्लाउडवर. सगळं झाल्यावर काही फाइली दुसऱ्या संगणकावर उघडूनही बघितल्या, कारण जी प्रत उघडून बघितली नाही ती आहे असं धरता येत नाही. हे पूर्ण झालं आणि लॅपटॉपकडे बघण्याची माझी नजरच बदलली. आता तो बंद पडला असता तर गैरसोय झाली असती, घात झाला नसता. ज्यांना हा निर्णय घ्यायचाय त्यांनी आधी हे करावं, आजच करावं, असं मी अगदी कळकळीने म्हणते. डोक्यावर टांगती तलवार असताना माणूस एकतर घाबरून नवं घेतो किंवा घाबरून काहीच करत नाही.

मग दुसरी अडचण समोर आली, आणि तिचा मला खरोखर संताप आला. विंडोज 10 चा सुरक्षा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. घरगुती वापरासाठी वर्षभराची जादा मुदत तेवढी जाहीर झाली होती. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-सोय आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ती पिढी आली 2017 मध्ये, माझा लॅपटॉप त्याआधीचा. म्हणजे माझ्या लॅपटॉपचा एकही भाग बिघडला नसता तरी अधिकृतपणे तो बाद झालाच असता. सुरक्षिततेची कारणं मला समजतात, त्यांत अर्थ आहे. तरीही चालतं-बोलतं यंत्र एका तारखेपासून निकामी ठरवलं जावं, आणि असं जगभरातल्या कोट्यवधी यंत्रांच्या बाबतीत एकाच दिवशी व्हावं, हे मला पटत नाही. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात जगात 6.2 कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातला 22.3 टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. लॅपटॉपच्या सगळ्या आयुष्यात जे कार्बन उत्सर्जन होतं त्याचा मोठा वाटा तो बनवतानाच होऊन गेलेला असतो. खाणीतून धातू काढणं, चिपा बनवणं, हे सगळं आपण पहिल्यांदा बटण दाबायच्या आधीच घडलेलं असतं. त्यामुळे चालू असलेलं यंत्र आणखी काही वर्षं वापरणं हीच मोठी बचत असते. नव्या यंत्राने वाचवलेली वीज त्यापुढे फार मोठी नसते.

वाट निघाली ती लिनक्सची, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत प्रणालीची. पेनड्राइव्हवर तिचा लिनक्स मिंट हा प्रकार घेतला आणि जुन्या विंडोजला हात न लावता आधी त्यावरूनच चालवून बघितलं. वाय-फाय लागलं, आवाज आला, मराठी टंकता आलं. सगळ्यांनाच हा मार्ग जमेल असं नाही. ज्यांचं काम एखाद्या विशिष्ट सॉफ्टवेअरवर अडलेलं आहे आणि ते फक्त विंडोजवरच चालतं, त्यांना हा सल्ला देणं म्हणजे त्यांची अडचण न ऐकणं होईल. माझं काम लिहिण्याचं, वाचण्याचं, मेल पाठवण्याचं. त्याला एवढं पुरतं.

नवीन घेण्याची बाजूही मी मनापासून मांडून पाहिली, कारण ती कमकुवत नाही. नव्या यंत्राची बॅटरी दिवसभर पुरते, वजन निम्म्यावर येतं, पडद्यावरची अक्षरं कोरीव दिसतात, डोळ्यांना सुख वाटतं. रोजची मिळकत ज्या यंत्रावर अवलंबून आहे आणि बंद पडलं तर कुणाची तरी तारीख चुकणार आहे, अशा माणसाने जुन्याचा मोह धरू नये. स्क्रीन फुटली, बोर्ड गेला आणि बॅटरीही मेली असं एकदम आलं तर तिथेही थांबावं. ओळखीतल्या एका विद्यार्थिनीला मीच सांगितलं की हा सोडून दे, परीक्षेच्या वर्षात दुरुस्तीच्या फेऱ्या मारत बसू नकोस. तिच्यासाठी तेच बरोबर होतं. पण नवे लॅपटॉप बघायला लागले आणि एक गोष्ट सारखी टोचत राहिली. माझ्या जुन्यात रॅमची, म्हणजे चालू कामापुरत्या स्मृतीची, पट्टी बसवायची खाच आहे, डिस्क सुटी निघते, बॅटरी स्क्रूंनी बसवलेली आहे. आता पुष्कळ मॉडेलांत रॅम बोर्डालाच डाखलेली असते, कुठे कुठे साठवणही, आणि बॅटरी डिंकाने चिकटवलेली. विकत घेताना जेवढी रॅम घेतली तेवढीच जन्मभर. बारीक होण्याच्या हव्यासात उघडता येणं गेलं. फ्रान्सने 2021 पासून लॅपटॉपवर दहापैकी किती गुण दुरुस्तीयोग्यतेला मिळतात ते छापणं सक्तीचं केलं. त्याच वर्षी फ्रेमवर्क नावाच्या कंपनीने सगळे भाग घरी बदलता येतील असा लॅपटॉप बाजारात आणला. म्हणजे बारीकही आणि उघडणाराही, असं यंत्र बनवता येतं. बाकीचे बनवत नाहीत ते अशक्य आहे म्हणून नव्हे. नवं यंत्र आज उत्तम चालेल, यात मला शंका नाही. पण पाच वर्षांनी त्याची बॅटरी फुगेल तेव्हा ते माझ्या जुन्याइतकं सहज उघडेल का, हा प्रश्न मला विकत घेतानाच पडतो.

शेवटी होकार दिला. बॅटरी नवी, एसएसडी नवी, रॅमची एक जादा पट्टी, घड्याळाचा सेल, चार्जिंगची खोबणी. सगळं मिळून नव्याच्या किमतीच्या जवळपासही गेलं नाही, आणि गेलं असतं तर मी थांबले असते. निम्म्याच्या वर खर्च जात असेल तर पुन्हा विचार करायचा, अशी मर्यादा मी आधीच घालून घेतली होती. चार्जिंगची मर्यादा 80 टक्क्यांवर ठेवलीय, त्याने बॅटरी जास्त दिवस टिकते. वायरीखालचं पुस्तक कपाटात परत गेलं. परवा एका कार्यक्रमात लॅपटॉप घेऊन गेले, लोकांसमोर मोठ्या पडद्याला जोडला आणि बोलत राहिले. मध्येच लक्षात आलं की पंख्याच्या आवाजाकडे माझा कान नाहीये. तेवढ्यासाठी हे सगळं केलं होतं. बोटं अजूनही प्रत्येक वाक्यानंतर कंट्रोल-एसवर जातात. ती सवय राहू दे.

मदरबोर्ड गेला तर मात्र त्यावर खर्च करायचा नाही, हे ठरलंय. एसएसडी काढून बाहेरच्या डबीत घालीन, म्हणजे ती सुटी डिस्क म्हणून चालत राहील. रॅम आणि बॅटरी कुणाच्या तरी कामाला येतील, आणि उरलेलं रीतसर ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे जाईल. नवा घेईन तो तळाचे स्क्रू आणि रॅमची खाच बघून घेईन. सध्या अडलंय ते फक्त बिजागरीशी. प्लॅस्टिकच्या ज्या उंचवट्यांत पितळी आटे बसवलेले असतात ते तडकलेत, म्हणून स्क्रू धरत नाहीत. त्यामुळे स्क्रीन हलली की आतून जाणारी केबल ओढली जाते आणि त्या आडव्या रेघा येतात. तो भाग कंपनीने बनवणं कधीच बंद केलंय, तेव्हा त्याच मॉडेलचा, स्क्रीन फुटून मोडीत निघालेला लॅपटॉप शोधतेय. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर असा पडलेला असेल तर टाकू नका, मला हवाय.